पाय उशीवर ठेवून झोपा, पण कुठे?

प्रश्न: भाचा ऑगस्टपासून बोस्टनला शिकायला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने स्टेशनबाहेर झोपलेली माणसं दाखवली. इतक्या श्रीमंत देशात, इतक्या थंडीत ही माणसं जगतात कशी? निवारे असताना तिथे जात का नाहीत? आणि येता-जाता भाच्याला त्यांच्यापासून काही आजार व्हायची भीती आहे का?

उत्तर:

मी मूळची मिरजेची. बोस्टनमध्ये १८ वर्षं नर्स आहे, त्यातली १२ बेघरांच्या दवाखान्यात आणि रात्री रस्त्यावर फिरणाऱ्या व्हॅनवर गेली. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण सुरुवात एका गोळीपासून करते. मला स्वतःला हा सगळा प्रकार त्या गोळीनेच शिकवला.

पन्नाशीतला एक माणूस आमच्याकडे यायचा. हृदय कमजोर, अंगात पाणी साठायचं, पाय हत्तीसारखे सुजलेले. त्याला लघवीवाटे पाणी काढून टाकणारी गोळी दिली होती. गोळी फुकट, डॉक्टर फुकट, तरी दर दोन-तीन आठवड्यांनी तो धापा टाकत इमर्जन्सीत दाखल व्हायचा. मी तेव्हा नवी होते. त्याच्या फाइलमध्ये सरळ लिहून टाकलं, ‘सांगितलेलं ऐकत नाही’. एके दिवशी ड्रेसिंग करताना सहज विचारलं, गोळी का घेत नाही? त्याने शांतपणे हिशेब मांडला. गोळी घेतली की पुढचे चार-पाच तास सारखं लघवीला जावं लागतं. वाचनालय सकाळी नऊला उघडतं. कॉफीच्या दुकानात काही विकत घेतल्याशिवाय संडासाची किल्ली मिळत नाही. गल्लीत उभं राहिलं तर पोलीस. तेव्हा एक तर पँट ओली करायची आणि उणे पाचमध्ये तसंच बसायचं, नाहीतर गोळी टाळायची. त्याने गोळी टाळली होती. त्याच्या जागी मी असते तर मीही टाळली असती.

त्यानंतर मी औषधाची प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या नजरेने वाचायला लागले. इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवा. रस्त्यावर ते उन्हाळ्यात तापून निकामी होतं आणि जानेवारीत खिशात गोठतं. जेवणाआधी इंजेक्शन घ्या. पण पुढचं जेवण कधी, हे फुकट जेवणाच्या रांगेवर ठरतं, आणि इन्शुलिन टोचून रांगेत उभं राहिलेल्या माणसाची साखर तिथेच खाली आलेली मी पाहिली आहे. मानसिक आजाराच्या गोळ्यांनी गाढ झोप येते. रस्त्यावर गाढ झोप म्हणजे बूट, पिशवी, कागदपत्रं सगळं गेलं. बाई असेल तर त्याहून वाईट. म्हणून गोळ्या फेकल्या जातात. आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी आदल्या रात्री जुलाबाचं औषध प्यायचं असतं. ज्याला संडास नाही त्याला हे सांगताना माझीच मान खाली जाते. आणि डिस्चार्जच्या कागदावरचं ते छापील वाक्य: पाय उशीवर ठेवून आराम करा.

मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ च्या कायद्यानंतर जवळपास प्रत्येकाकडे आरोग्य विमा आहे. बेघर माणसालाही सरकारी योजनेचं कार्ड मिळतं. जगातली नावाजलेली हॉस्पिटलं या एका शहरात दाटीवाटीने उभी आहेत. तेव्हा ‘अमेरिकेत उपचार महाग, म्हणून गरीब मरतात’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर निदान बोस्टनला नीट लागू होत नाही. इथे डॉक्टर आहे, औषध आहे, विमा आहे. नाही ती एक खोली, आणि तिच्यावाचून बाकीच्या तिन्ही गोष्टी कामाला येत नाहीत.

हा माझा नुसता समज नाही. या शहराने आपल्या बेघरांचे मृत्यू बऱ्याच इमानदारीने मोजले आहेत. १९८८ ते १९९३ या काळात इथल्या बेघरांच्या आरोग्य कार्यक्रमात आलेल्या १७,२९२ प्रौढांचा अभ्यास झाला. त्यातल्या मृतांचं सरासरी वय होतं ४७. तरुण वयोगटात तेव्हा एड्स सगळ्यात पुढे होता. पुढे २००३ ते २००८ या काळातल्या २८,०३३ लोकांचा अभ्यास झाला, त्यात १,३०२ मृत्यू निघाले. सरासरी वय ५१. एड्स मागे पडला होता आणि त्याची जागा अंमली पदार्थांच्या अतिमात्रेने, म्हणजे ओव्हरडोसने घेतली होती. खालोखाल कॅन्सर आणि हृदयविकार, तिघांमध्ये फरक अगदी थोडा. मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं: पंधरा वर्षांत एड्सवर औषधं आली, दवाखाने वाढले, आणि एकूण मृत्यूचं प्रमाण जवळपास आहे तिथेच राहिलं. एक कारण मागे हटलं, दुसऱ्याने त्याची जागा भरून काढली.

तुम्ही विचारलंत त्या थंडीचं नाव या यादीत वर कुठेच नाही. थंडीने माणसं मरतात, नाही असं नाही. पण बर्फाच्या वादळात शहर जागं असतं; व्हॅन जास्त फेऱ्या मारते, निवारे दारं उघडी ठेवतात, पोलीसही हटकून आत पाठवतात. मला भीती वाटते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाळी रात्रींची. तापमान चार-पाच अंश, कपडे भिजलेले, वरून वारा, आणि कुणालाच ती ‘थंडी’ वाटत नाही. त्यात दारू प्यायलेली असेल तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब झपाट्याने बाहेर जाते. माणूस ‘मला गरम होतंय’ म्हणत जॅकेट काढायला लागला की आम्ही धावतो.

थंडी खरी खाते ती पायांना. तळकोकणात किंवा मावळात भातलावणी केलेल्या कुणालाही ‘चिखल्या’ सांगाव्या लागत नाहीत: दिवसभर पाण्यात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, सोलतात, आग होते. रात्री पाय कोरडे झाले, तेल-हळद लागली की बरं वाटतं. आता कल्पना करा, तीच ओली पावलं तीन आठवडे एकदाही कोरडी झालेली नाहीत. बूट काढले तर चोरीला जातात, म्हणून ते काढलेलेच नाहीत. गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही अशा पायांची संवेदना जाते, कातडी लगद्यासारखी होते, जंतू शिरतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना हे व्हायचं, म्हणून इंग्रजीत त्याला ‘ट्रेंच फूट’ म्हणतात. आमच्याकडे दर हिवाळ्यात होतं. मोजा सोलून काढताना सोबत कातडी येते, तेव्हा नव्या नर्सला मी खिडकीकडे बघायला सांगत नाही. बघू दे.

हिमदंश वेगळा. त्यात पेशींमधलं पाणीच गोठतं. गोठलेला भाग एकदा वितळवला आणि तो पुन्हा गोठला तर आधीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं. म्हणूनच रात्री परत बाहेर जाणार असलेल्या माणसाचे पाय गरम पाण्यात घालायचे की नाही, हा आमच्यापुढचा खराखुरा पेच असतो. सर्जन मंडळींमध्ये जुनं बोलणं आहे, जानेवारीत गोठलं तर जुलैत कापा. कुठपर्यंतचं मांस मेलं हे समजायला महिने लागतात, तोवर वाट बघायची. काळी पडलेली बोटं घेऊन, चालत.

पायांवरूनच इथल्या कामाची सुरुवात झाली हेही सांगते. १९८५ मध्ये बोस्टनमध्ये बेघरांचा आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा डॉ. जिम ओ’कॉनेल नुकतेच शिक्षण संपवून, कॅन्सरतज्ज्ञ होण्याआधी एका वर्षासाठी म्हणून आले होते. पाइन स्ट्रीट इन या निवाऱ्यात नर्सेसचा दवाखाना आधीपासून चालत होता. तिथल्या बार्बरा मॅकिनिस या नर्सबाईंनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि लोकांचे पाय घमेल्यात भिजवून धुवायच्या कामाला बसवलं. प्रश्न विचारायचे नाहीत, निदान करायचं नाही, पाय धुवायचे. काही आठवड्यांनी ज्यांनी वर्षानुवर्षं कुठल्या डॉक्टरला हात लावू दिला नव्हता ते आपणहून बोलायला लागले. ओ’कॉनेल यांचं एक वर्ष पुढे कित्येक दशकं लांबलं. पाय बुडवून बसलेला माणूस उठून पळून जात नाही, हा त्यातला व्यावहारिक भागही मला आवडतो. आषाढात वारीच्या मुक्कामावर वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळणारी माणसं मी लहानपणी पाहिली होती. बोस्टनला घमेल्यापुढे पहिल्यांदा मांडी घालून बसले तेव्हा हात कसे चालवायचे ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता निवाऱ्यांविषयी. लॉस एंजेलिसचे तंबूंचे फोटो तुम्ही पाहिले असतील. तिथे दहातले जवळपास सात बेघर उघड्यावर असतात. बोस्टनमध्ये उलट आहे, बहुतेक जण निवाऱ्यात झोपतात. लहान मुलं असलेल्या कुटुंबांना निवारा द्यायचा कायदा या राज्यात १९८३ पासून आहे, जो अमेरिकेत दुर्मिळ आहे. देशभराचा आकडा मात्र वाढला: जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या मोजणीत ७,७१,४८० माणसं बेघर निघाली, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त.

मग जे थोडे बाहेर राहतात ते का राहतात? ‘वेडे आहेत’ हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवटही. एका दालनात शंभर खाटा, रात्रभर खोकला, भांडणं, चोरी. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं. कुत्रा आत नेता येत नाही. ज्याला कानात आवाज ऐकू येतात त्याला शंभर माणसांच्या श्वासांत झोप येत नाही. तुरुंगातून सुटलेल्याला रांग, झडती आणि दिवे मालवायची वेळ पुन्हा नको असते. लहानपणी ज्या बाईवर अत्याचार झाले ती अनोळखी पुरुषांनी भरलेल्या इमारतीत पाय ठेवत नाही. मी कुणाला निवाऱ्यात न जाण्याचा सल्ला देणार नाही, कारण उघड्यावर राहण्याची किंमत मला माहीत आहे. २००० ते २००९ या दशकात बोस्टनच्या रस्त्यावर झोपणाऱ्या ४४५ जणांचा मागोवा घेतला गेला. त्यांचा मृत्युदर राज्यातल्या सर्वसाधारण प्रौढांच्या जवळपास दहापट निघाला आणि निवाऱ्यात झोपणाऱ्या बेघरांच्या जवळपास तिप्पट.

आणि निवारा म्हणजे घरही नाही, हे ऑक्टोबर २०१४ मध्ये सगळ्यांना दिसलं. बोस्टनजवळच्या लाँग आयलंड या बेटावर मोठा निवारा आणि व्यसनमुक्तीची केंद्रं होती. तिथे जाणारा पूल धोकादायक ठरवून एका संध्याकाळी बंद केला. शेकडो माणसं बसमधून शहरात आणली गेली, कित्येकांचं सामान मागेच राहिलं. पुढच्या काही वर्षांत मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू आणि मेल्निया कॅस बुलेव्हार्ड यांच्या चौकात, ज्याला इथे सगळे ‘मास अँड कॅस’ म्हणतात, तंबूंची वस्ती वाढत गेली. त्यामागे हे एकच कारण नव्हतं, पण हेही होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते तंबू हटवले. रस्ता मोकळा दिसतो. कुणाची जखम आता कोण बांधतंय, हे आम्हाला शोधत फिरावं लागतं.

फेंटानिल या अतिशय तीव्र अंमली औषधाबद्दल थोडक्यात सांगते, कारण वर्तमानपत्रांत ते रोज असतं. हेरॉइनमध्ये माणसाला वाचवायला बऱ्यापैकी वेळ मिळायचा, फेंटानिलमध्ये काही मिनिटं. श्वास थांबतो, एवढीच गोष्ट. नाकात फवारायचं नालोक्सोन वेळेवर मिळालं तर माणूस उठून बसतो. पण वेळेवर म्हणजे शेजारी कुणी असायला हवं. त्यामुळेच एक विचित्र प्रकार होतो: रस्त्यावर चार लोकांत असताना वाचलेला माणूस घर मिळाल्यावर बंद दाराआड एकटाच मरतो. अलीकडे त्या मालात जनावरांचं गुंगीचं औषध, झायलाझिन, मिसळलेलं असतं. त्याने येणाऱ्या जखमा सुई टोचली तिथेच होतात असं नाही, आणि त्या हाडापर्यंत जातात. रोज ड्रेसिंग लागतं. पुन्हा तोच प्रश्न, कुठे?

आता संसर्ग. इथे धोका आहे, पण तो उलट्या दिशेने जास्त आहे: त्यांच्यापासून तुमच्या भाच्याला कमी, परिस्थितीपासून त्यांनाच जास्त. १९८४-८५ मध्ये बोस्टनच्या निवाऱ्यात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची साथ आली होती. कमी उंचीच्या छताखाली एकमेकांचा श्वास घेत झोपणाऱ्यांना ती झाली. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या निवाऱ्यात ४०८ जणांची कोविड तपासणी केली तर १४७ बाधित, आणि ताप-खोकला जवळपास कुणालाच नव्हता. तोपर्यंत आम्ही दारात ताप मोजून लोकांना आत घेत होतो. ती सकाळ मी विसरणार नाही. सॅन डिएगोमध्ये २०१६ ते २०१८ मध्ये काविळीची, हिपॅटायटिस ए ची, साथ आली: ५९२ रुग्ण, २० मृत्यू. रस्त्यावर पुरेसे संडास नाहीत, हात धुवायला पाणी नाही, बाकी काही गूढ नव्हतं. शेवटी फूटपाथ ब्लीचने धुतले, हात धुवायची केंद्रं उभारली, लस टोचत फिरले. यातलं काहीच फूटपाथवरून चालत जाणाऱ्याला लागत नाही. खरूज आणि अंगावरच्या उवा कपडे-अंथरूण वापरल्याने किंवा बराच वेळ अंगाला अंग लागल्याने होतात, हातात सँडविच दिल्याने नाही.

ज्या गोष्टींच्या बातम्या होत नाहीत त्यांची यादी मोठी आहे. पन्नाशीत म्हातारपण येतं: बोस्टनच्या निवाऱ्यांतल्या ५० ते ६९ वयाच्या २४७ जणांना तपासलं तेव्हा निम्म्याहून जास्त जण वर्षभरात पडलेले होते. डोक्याला जुने मार असतात, त्यामुळे अपॉइंटमेंट लक्षात राहत नाही आणि फाइलमध्ये ‘आला नाही’ असं लागतं. दात नसतात, म्हणून फळ-कोशिंबिरीचा सल्ला वाया. गरोदर बाया तपासणीला टाळाटाळ करतात, मूल काढून घेतील या भीतीने.

बोस्टनने एक गोष्ट फार आधी ओळखली, ती मला या सगळ्यात सर्वात शहाणपणाची वाटते. हॉस्पिटलात राहण्याइतका आजारी नाही, पण रस्त्यावर टाकण्याइतका बराही नाही, अशा माणसासाठी मधली जागा. १९८५ पासूनच इथे अशा खाटा आहेत आणि आज त्या जागेला बार्बरा मॅकिनिस यांचंच नाव आहे. खाट, नर्स, फ्रिज, संडास, केमोथेरपीला न्यायला गाडी. तो गोळी टाळणारा माणूस अशाच एका खाटेवर तीन आठवडे राहिला आणि त्याचं १४ किलो पाणी उतरलं. गोळी तीच, डोस तोच. पण अशा खाटा नेहमी भरलेल्या असतात. एकदा पायाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईला एका हॉस्पिटलने रात्री दहा वाजता टॅक्सीत बसवून निवाऱ्यात पाठवलं होतं, कुबड्यांसकट, पलंग वरच्या मजल्यावर. त्या डिस्चार्जच्या कागदावर पत्त्याच्या रकान्यात निवाऱ्याचा पत्ता होता, आणि संगणकाचं समाधान झालं होतं.

‘मग सरळ घरं द्या’ असं तुम्ही म्हणाल, आणि मीही तेच म्हणते. पण भाबडेपणाने नाही. २००५ पासून रस्त्यावरच्या ७३ अतिशय आजारी लोकांना बोस्टनमध्ये घरं दिली आणि १४ वर्षं त्यांची नोंद ठेवली. पहिल्या वर्षी बहुतेक जण टिकले. पुढे गळती लागली, आणि ४५ टक्के लोक त्या घरात राहत असतानाच वारले. काही जण हा आकडा घरं देण्याच्या विरोधात फेकतात. मला त्यात दिसतं ते असं की आपण किल्ली फार उशिरा दिली. हृदय, यकृत आणि डोकं तोवर रस्त्याने वापरून संपवलं होतं. ते निदान स्वतःच्या पलंगावर गेले. मी त्यातल्या दोघांच्या घरी शेवटी गेले होते. एकाने भिंतीवर चपलांसाठी खिळा ठोकला होता आणि तो मला आवर्जून दाखवला.

राहता राहिला तुमचा भाचा. कुणी बेशुद्ध दिसलं तर आधी मोठ्याने हाक मारायची, खांदा हलवायचा. ओठ निळे, घोरल्यासारखा अडकत श्वास, हाकेला ओ नाही, असं असेल तर ९११ हा इथला आणीबाणीचा नंबर लावायचा. नालोक्सोनचा फवारा २०२३ पासून औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. विद्यार्थ्याच्या बॅगेत एक असायला हरकत नाही. चुकून ओव्हरडोस नसलेल्या माणसाला दिला तरी सहसा अपाय होत नाही. थंडीने गोठलेले हात-पाय चोळायचे नाहीत, आपल्याकडे चोळायची सवय असते म्हणून सांगते. गाढ झोपलेल्या माणसाला मात्र उगाच उठवायचं नाही, त्या बिचाऱ्याला ती झोप मोठ्या मुश्किलीने लागलेली असते. फोटो काढायचा नाही. व्हिडिओ कॉलवर दाखवायचंही नाही, हे त्याला तुम्हीच सांगा.

पैसे द्यावेत की नाही यावर आमच्या दवाखान्यातही दोन तट आहेत, त्यात मी पडत नाही. काही द्यायचंच असेल तर मोजे द्यावेत. सुती नकोत, ते भिजले की दिवसभर ओलेच राहतात. जाड, लोकरीचे, आणि मापाने मोठेच घ्यायला सांगा. सुजलेल्या पायांत लहान मोजे चढत नाहीत.